कवडशापासून कॅमेऱ्यापर्यंत : शाळेत छायाचित्रण शिकवताना

आठवी-नववीच्या मुलांना छायाचित्रण शिकवायचे असेल, तर पहिल्या दिवशी कॅमेरा वर्गात आणूच नये, असे मी आग्रहाने सांगेन. कॅमेरा हाती येताच मुलांचे सारे लक्ष बटणांकडे जाते आणि ज्या प्रकाशातून चित्र घडते, तो प्रकाश पाहायचा राहून जातो. म्हणून सुरुवात कवडशाने करावी. कौलांमधली फट वेडीवाकडी असली, तरी जमिनीवर पडणारा कवडसा गोल का दिसतो, हे मुलांना विचारावे आणि उत्तर लगेच देऊ नये. तो गोल म्हणजे सूर्याचीच प्रतिमा असते. त्यामुळेच खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी झाडाखालचे कवडसे कोरीच्या आकाराचे होतात.

त्यानंतर वर्गखोलीचाच कॅमेरा करावा. जिच्या एका खिडकीसमोर उन्हाने उजळलेले झाड किंवा इमारत आहे, अशी खोली निवडावी. सगळ्या खिडक्या आणि दारांच्या फटी काळ्या कार्डशीटने बंद करून त्या एका खिडकीवरच्या कागदाला सुमारे एक सेंटीमीटर व्यासाचे भोक पाडावे व त्यासमोर दोन मीटरवर पांढरी चादर ताणून धरावी. डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच-दहा मिनिटे जातात, तेवढा वेळ मुलांना शांत बसू द्यावे. मग चादरीवर झाड रंगांसह उलटे उमटते आणि वाऱ्याने त्याची फांदी हलते. हे दृश्य मुले विसरत नाहीत. प्रकाश सरळ रेषेत जातो हे त्यांनी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले असते; येथे ते समोर दिसते.

आता भोक मोठे करावे. चित्र उजळते, पण पुसट होते. लहान केले, तर ते रेखीव होते, पण अंधूक पडते. दोन्ही गुण एकत्र कसे मिळतील, हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्यावा आणि तो आल्यावर प्रयोगशाळेतले बहिर्वक्र भिंग मोठ्या भोकावर धरावे. या भिंगांचे नाभीय अंतर सहसा दहा-वीस सेंटीमीटर असते, म्हणून पडद्यासाठी चादरीऐवजी पांढरा कागद भिंगाजवळ धरून हळूहळू मागेपुढे करावा लागतो. एका ठिकाणी झाड एकदम स्पष्ट होते. फोकस म्हणजे काय, ते यापेक्षा अधिक समजावून सांगावे लागत नाही.

कॅमेरा यानंतर द्यावा. चार मुलांत एक मोबाईलही पुरतो, मात्र त्यात प्रो मोड, म्हणजे कॅमेऱ्याचे आकडे हाताने ठरवण्याची सोय, असावा. बहुतेक मोबाईलच्या भिंगाचे छिद्र बदलता येत नाही, त्यामुळे शटर (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा) आणि आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा) यांवरच भर द्यावा. तांब्यातून पडणारे पाणी भर उन्हात १/१००० सेकंदाने टिपले, तर थेंब सुटे दिसतात. सावलीत मोबाईल टेकवून १/१५ सेकंदाने टिपले, तर त्यांची धार होते. पुढचा धडा पाटीचा. ऑटो मोडवर ठेवून, चौकट पूर्ण भरेल असे आधी काळ्या पाटीचे आणि मग पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यायला सांगावे. दोन्ही बरीचशी राखाडी येतात, कारण कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरची वस्तू मध्यम उजेडाची आहे असे धरून चालतो. काळे काळे यावे म्हणून एक्स्पोजर, म्हणजे चित्राला मिळणारा प्रकाश, कमी करायचे आणि पांढऱ्यासाठी वाढवायचे, हे मुलांना उलटे वाटते, म्हणून ते त्यांच्या हातूनच करून घ्यावे.

चेहऱ्याच्या अभ्यासासाठी एक खिडकी पुरेशी आहे. एका मुलाला खिडकीशेजारी बसवून बाकीच्यांनी त्याच्याभोवती फिरून पाहावे आणि अंधारलेल्या गालाच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून सावली किती उजळते, तेही पाहावे. मग प्रत्येकाने फक्त बारा छायाचित्रे घ्यावीत आणि एकही पुसू नये. ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते, कारण मोजकीच छायाचित्रे घ्यायची असली, की मूल आधी थांबते आणि मग टिपते. पाहणी करताना छान किंवा वाईट असे शेरे देऊ नयेत; प्रकाश कोणत्या बाजूने आला आणि कडेला काय अनावश्यक राहिले, एवढेच विचारावे. शाळेबाहेरच्या माणसांचे छायाचित्र त्यांची परवानगी घेतल्याशिवाय काढू नये, हा नियम मात्र पहिल्याच दिवशी घालून द्यावा.

शेवटचा प्रकल्प दादासाहेब फाळक्यांकडून घ्यावा. १९१३ मध्ये आपला पहिला चित्रपट दाखवण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत चित्रित केली होती. मुलांनी वाटाणा किंवा मूग पेरून रोज ठरलेल्या वेळी एकेक छायाचित्र घ्यावे. कुंडी आणि मोबाईल यांच्या जागा फरशीवर खडूने आखाव्यात, शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेनुसार रंग जुळवण्याची सोय) यांचे आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि रोज तेच लावावेत. रविवारी खोलीची किल्ली कोणाकडे राहील, हे मात्र बी पेरण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.