ड्रायरमध्ये कपडे लवकर वाळत नसतील तर

बेळगाव, खानापूर भागात झड लागली की दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात, म्हणून घेतलेला ड्रायरही जेव्हा तासाभराच्या कामाला अडीच तास लावू लागतो, तेव्हा दोष बहुधा हीटरचा नसून अडलेल्या हवेचा असतो. ड्रायरमधल्या धागे अडवणाऱ्या जाळीवरचा कापसासारखा थर प्रत्येक वेळी काढावाच. पण स्वच्छ दिसणारी जाळीही नळाखाली धरून पाहावी, कारण कपडे मऊ करणाऱ्या द्रव्याचा न दिसणारा पापुद्रा तिच्यावर बसला असेल, तर पाणी आरपार न जाता वरच साचते. अशी जाळी साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासून पूर्ण वाळवावी आणि मगच बसवावी. यंत्राचा प्लग काढून मागची हवा बाहेर सोडणारी नळी भिंतीशी दबली आहे का, तिच्यात धागे साठले आहेत का, हेही तपासावे. नळी नसलेल्या यंत्रात कंडेन्सर, म्हणजे वाफेचे पाणी करणारा भाग, साफ करावा.

कपडे मुळातच निथळत असतील, तर वॉशिंग मशीनचा स्पिन वाढवणे हाच स्वस्त उपाय होय. गावाकडे संध्याकाळी विजेचा दाब उतरतो, त्याचाही विचार करावा: २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले, तर हीटरची उष्णता जवळपास एक तृतीयांशाने घटते, त्यामुळे ड्रायर दुपारी लावून फरक पाहावा. ड्रम फिरूनही हवा थंडच येत असेल, तर मात्र यंत्र बंद ठेवून मेकॅनिकला बोलवावे.