वाचनालयाचं व्हॉट्सॲप आणि फेसबुक: सिमकार्डापासून सुरुवात

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाचं फेसबुक पेज शोधून पाहा. बरेचदा शेवटची पोस्ट दोन-तीन वर्षांपूर्वीच्या व्याख्यानमालेची असते, खाली दिलेला फोन लागत नाही आणि पेज ज्याने काढलं तो मुलगा पुण्यात नोकरीला गेलेला असतो. पासवर्ड त्याच्या जुन्या फोनमध्ये. पोस्ट वाईट होत्या म्हणून पेज बंद पडलं, असं क्वचितच होतं. ते संस्थेच्या ताब्यात कधी आलंच नव्हतं, म्हणून बंद पडतं. इथलं सगळं वाचनालय डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, पण नाट्यमंडळ, महिला मंडळ किंवा छोट्या न्यासालाही त्यातलं बहुतेक लागू पडेल.

नंबर, ईमेल, ठराव

कार्यकारिणीच्या सभेत एक ठराव घ्या: संस्थेची खाती कोणती, ती कोणत्या नंबरवर आणि ईमेलवर आहेत, ती चालवणारे दोघे कोण. प्रोसिडिंग बुकात तशी नोंद करा. माणसं दोन हवीतच. एक ग्रंथपाल, कारण तो रोज जागेवर असतो, दुसरा कार्यकारिणीतला. पासवर्ड प्रोसिडिंगमध्ये लिहू नका. तो बंद पाकिटात, वर तारीख घालून, कार्यवाहांच्या कपाटात ठेवा.

वाचनालयासाठी वेगळं सिम घ्या. ग्रंथपालाचा स्वतःचा नंबर दिला, तर रात्री साडेदहाला ‘अमुक कादंबरी आली का?’ असे फोन त्याच्या घरी जातात, आणि तो निवृत्त झाला की संस्थेचा नंबरही त्याच्याबरोबर जातो. रिचार्ज संस्थेच्या खर्चात दाखवा आणि चुकवू नका. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला, तर कंपनी तो बंद करू शकते आणि काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते. त्या ग्राहकाने व्हॉट्सॲप सुरू केलं की ओटीपी त्याच्याच फोनवर येणार. म्हणून पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये, अकाउंटखाली, टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून सहा आकडी पिन घाला आणि सोबत संस्थेचा ईमेल द्या.

व्हॉट्सॲप आधी, बाकी नंतर

सभासद जिथे आधीच आहेत तिथे जावं, म्हणजे व्हॉट्सॲपवर. साधं व्हॉट्सॲप न घेता व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. ते फुकट आहे आणि त्यात पत्ता, वेळ, साप्ताहिक सुट्टी कायमची दिसते. वेळेबाहेर आलेल्या निरोपाला आपोआप उत्तर देता येतं: ‘वाचनालय सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. उद्या उत्तर देऊ.’ वर्गणी किती, अनामत किती, सभासद होण्यासाठी कोणती कागदपत्रं लागतात, हे तीन प्रश्न रोज येतात. त्यांची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवून ठेवा.

खरा घोळ ग्रुप करायचा की आणखी काही, इथे होतो. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं बसतात, पण प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. महिला सभासदांना अनोळखी माणसांचे ‘गुड मॉर्निंग’ यायला लागतात आणि त्या काही न बोलता ग्रुप सोडतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात आणि निरोप प्रत्येकाला स्वतंत्रपणे जातो. मात्र ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच तो पोचतो. ‘मेसेज पाठवला होता, लोकांना मिळालाच नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच. उपाय कागदावरचा आहे: वर्गणीच्या पावतीवर आणि देवघेवीच्या टेबलावर ‘हा नंबर सेव्ह करा’ असं ठळक छापा.

व्हॉट्सॲपची चॅनल ही सोय भारतात सप्टेंबर २०२३मध्ये आली. त्यात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, कुणी मध्येच लिहू शकत नाही आणि संख्येची अडचण नाही. आमचं मत स्पष्ट आहे: जाहीर सूचनांसाठी चॅनल, पुस्तक राखून ठेवणं वगैरे कामांसाठी थेट निरोप, आणि ग्रुप फक्त वाचकगट किंवा कार्यकारिणीसाठी. ग्रुप आधीच असेल आणि मोडायचं धाडस होत नसेल, तर सेटिंग्जमध्ये निरोप पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा. चार ज्येष्ठ सभासद रुसतील. रुसू द्या, निवडणुकीच्या दिवसांत हाच निर्णय तुम्हाला वाचवेल.

एक गोष्ट कुठल्याही ग्रुपवर करू नका: पुस्तकं थकवलेल्यांची नावं टाकणं. पुस्तक परत येत नाहीच, वर सभासद जातो. थकबाकीचा निरोप खाजगी, पुस्तकाचं नाव आणि दाखल क्रमांक घालून, पंधरा दिवसांनी एकदा.

फेसबुक: पेज, प्रोफाइल नव्हे

संस्थेच्या नावाने माणसासारखं प्रोफाइल काढणं फेसबुकच्या नियमात बसत नाही. ते कधीही बंद होऊ शकतं आणि ५,००० मित्रांपुढे जातही नाही. दोघांपैकी एकाने आपल्या प्रोफाइलवरून मेनूतल्या ‘पेजेस’मध्ये जाऊन नवीन पेज तयार करावं. प्रकारात लायब्ररी निवडा. पत्ता, वेळ, संस्थेचा फोन भरा. लगेच दुसऱ्या व्यक्तीलाही पूर्ण अधिकार द्या. हे ‘नंतर करू’ म्हटलं की कायमचं राहून जातं. दोघांच्याही खासगी प्रोफाइलला टू-फॅक्टर सुरक्षा (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) हवी, कारण पेजवर हल्ला होतो तो त्यांच्या प्रोफाइलमधूनच.

मेटा बिझनेस सूट हे फेसबुकच्याच कंपनीचं पेज सांभाळण्याचं साधन फुकट आहे. रविवारी अर्धा तास बसून आठवड्याच्या दोन पोस्ट तारीख-वेळ घालून लावून ठेवा. आठवड्याला दोन पुरेशा आहेत. रोज सुविचार टाकणारं पेज लोक पाहणं सोडून देतात. पैसे देऊन पोस्ट ‘बूस्ट’ करण्याची घाई नको. लाइक वाढतात, पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाच्या लाइकने देवघेव वाढत नाही. एखाद्या पुस्तक प्रदर्शनासाठी करायचंच असेल, तर गावाभोवतीचे काही किलोमीटर एवढाच परिसर निवडा.

इंस्टाग्राम कॉलेजच्या वयाचा कुणी वर्षभर सांभाळणार असेल तरच. यूट्यूब व्याख्यानमाला असेल तरच, आणि तेव्हा कॅमेऱ्यापेक्षा आवाजाकडे लक्ष द्या. सभागृहाच्या मागून मोबाइलवर टिपलेला आवाज कुणी दोन मिनिटंही ऐकत नाही. साउंडवाल्याला मिक्सरमधून वेगळी लाइन मागा, किंवा वक्त्याला कॉलर माइक लावा. पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवायचा तर चॅनलला आधी फोनने पडताळणी करावी लागते. वक्त्याची लेखी परवानगी मानधनाच्या पावतीसोबतच घ्या.

निरोप कसा लिहावा

प्रेसवाल्याकडून निमंत्रणपत्रिका येते ती बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात. त्यातला मजकूर कॉपी करून फेसबुकवर टाकला की अक्षरांचा चिवडा होतो. प्रेसकडून फक्त चित्र घ्या आणि मजकूर फोनवर युनिकोडमध्ये पुन्हा लिहा. बोलून टाइप करण्याची मराठी सोय गूगलच्या कीबोर्डमध्ये आहे. चित्रातली अक्षरं शोधात नीट सापडत नाहीत आणि दृष्टिहीन वाचकाच्या फोनला ती वाचून दाखवता येतीलच असं नाही. म्हणून तारीख, वेळ, जागा चित्राबरोबर मजकुरातही हवी. असा नमुना चालेल:

‘मराठी भाषा गौरव दिन. शनिवार, २७ फेब्रुवारी २०२७, सायंकाळी ५.३० ते ७. वाचनालयाचं सभागृह, पहिला मजला. सभासदांचं अभिवाचन, प्रत्येकी ५ मिनिटं. नावं २० तारखेपर्यंत ग्रंथपालांकडे. प्रवेश सर्वांना खुला. लिफ्ट नाही, जिना चढता येत नसेल तर आधी फोन करा, खालच्या वाचनकक्षात ऐकण्याची सोय करू.’

वार आणि साल दोन्ही घाला. साल नसलेला निरोप पुढच्या वर्षी पुन्हा फिरतो आणि माणसं रिकाम्या सभागृहात येऊन बसतात. पहिला निरोप आठ दिवस आधी, दुसरा आदल्या संध्याकाळी, तिसरा नाही.

कार्यक्रमानंतर दीपप्रज्वलनाचे आणि शाल-श्रीफळाचे तीस फोटो टाकू नका. तीनच निवडा: बोलणारा वक्ता जवळून, ऐकणारे श्रोते समोरून, आणि पुस्तकं हाताळणारे हात. पाहुण्यांना त्यांचे सत्काराचे फोटो खाजगीत पाठवले तरी ते खूश होतात.

सगळ्यांत जास्त चालते ती साधी पोस्ट, म्हणजे नवीन पुस्तकं. खिडकीजवळच्या टेबलावर पाच-सहा पुस्तकं मुखपृष्ठं वर करून मांडा, फ्लॅश बंद ठेवा, फोटो बरोबर वरून घ्या. खाली नाव, लेखक आणि ‘आजपासून देवघेवीसाठी’ एवढं लिहा. ‘माझ्यासाठी ठेवा’ असे निरोप येतात. ते त्याच क्रमाने वहीत उतरवा, नाहीतर टेबलापाशी वाद ठरलेला.

जिथे खरोखर अडकायला होतं

पुस्तकांच्या पीडीएफ. वाचनालयाच्या नंबरावरून कुणाच्याही पुस्तकाची पीडीएफ फिरवू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनावर हक्क (कॉपीराइट) राहतो. साने गुरुजींचं निधन १९५०चं, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन आता खुलं आहे. कुसुमाग्रजांचं निधन १९९९चं. त्यांच्या जन्मदिनी, म्हणजे भाषा गौरव दिनालाच, लोक त्यांच्या पूर्ण कविता पोस्ट करतात, पण त्यांचे हक्क २०५९च्या अखेरपर्यंत आहेत. दोन ओळी आणि संग्रहाचं नाव द्या, पुढे ‘हा संग्रह आमच्याकडे आहे’ असं लिहा. वाचनालयाचं काम तेवढंच आहे. अख्ख्या कथेचं अभिवाचन थेट प्रक्षेपित करायलाही परवानगी लागते.

मुलांचे फोटो. बालविभागाच्या अर्जातच पालकांच्या संमतीची वेगळी ओळ आणि वेगळी सही ठेवा. ज्यांची नाही त्या मुलांना फोटोच्या वेळी मागे लपवू नका, सगळ्यांचाच फोटो पाठीमागून घ्या. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला दिसू नये. बालगृहातली मुलं आली असतील, तर चेहरा, नाव, शाळा काहीच नको. अशा मुलांची ओळख उघड करणं २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे.

देणगीचा क्यूआर कोड संस्थेच्या बँक खात्याचाच हवा. कोषाध्यक्षांच्या स्वतःच्या यूपीआयवर आलेला पैसा हिशेबतपासणीत त्रास देतो. दुसरी अडचण जरा आडवळणाची आहे. गावचा मुलगा अमेरिकेतून पोस्ट पाहतो आणि पैसे पाठवतो म्हणतो. त्याचं नागरिकत्व अजून भारतीय असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ती विदेशी देणगी ठरते. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेता येत नाही. आधी विचारा, मग खाते क्रमांक द्या.

‘तुमच्या पेजने नियम मोडले, २४ तासांत या लिंकवर खात्री करा’ असा निरोप मेसेंजरवर येतो, वर फेसबुकचं बोधचिन्ह असतं. ती फसवणूक असते. लिंक उघडू नका, निरोपाची तक्रार नोंदवून तो काढून टाका. कुणी ओटीपी मागितला, मग तो ओळखीच्या नंबरावरून का असेना, देऊ नका. व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हाती गेलंच, तर आपल्या फोनवर त्याच नंबराने पुन्हा नोंदणी करा, म्हणजे चोर बाहेर पडतो. त्याने मध्ये स्वतःचा पिन घातला असेल, तर आत जायला सात दिवस थांबावं लागतं. तोवर सभासदांना दुसऱ्या नंबरावरून कळवा. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर तक्रार करा.

देवघेवीच्या वहीत ‘कुठून कळलं?’ असा एक रकाना वाढवा आणि नवीन सभासदाला तो भरायला सांगा. लाइक मोजण्यापेक्षा तिमाही सभेत हे आकडे वाचून दाखवा.

कार्यकारिणी बदलली की हस्तांतर घाईने उरकू नका. आधी नवीन व्यक्तीला पेजचे पूर्ण अधिकार द्या, ती स्वतः पोस्ट टाकू शकते का ते पाहा, दोन आठवडे जाऊ द्या, मगच जुन्या व्यक्तीचं नाव काढा. त्याच दिवशी व्हॉट्सॲपचा पिन आणि ईमेलचा पासवर्ड बदला. ईमेलच्या ‘रिकव्हरी’ नंबरात जुन्या कार्यवाहांचा फोन राहिलेला असतो, तोही बदला. नवं पाकीट बंद करून प्रोसिडिंग बुकात दोघांच्या सह्या घ्या.