मोठ्या एसयूव्हीसाठी पावसाळी फ्लोअर मॅट: खरेदीपूर्वीची तयारी

पावसाळी मॅट घ्यायच्या असतील तर ते काम मे महिन्यातच उरकावे. जून उजाडला की ॲक्सेसरीच्या दुकानांत झुंबड उडते, आपल्या मॉडेलचा साच्यात घडवलेला संच नेमका संपलेला असतो, आणि मग ‘हा सगळ्या गाड्यांना बसतो’ एवढ्या भरवशावर जो संच गळ्यात पडतो तो पुढची काही वर्षे गाडीत राहतो. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही७००, सफारी अशा तीन रांगांच्या गाड्या जे कोकणातल्या आणि गोव्यातल्या पावसात, आंबोली-ताम्हिणीच्या घाटांत आणि गावाकडच्या चिखलात खरोखर वापरतात, त्यांच्यासाठी ही यादी आहे. मॅट किती पाणी अडवते हा माझ्या मते दुसरा प्रश्न आहे. ती चालकाच्या पायाखाली सरकत नाही ना आणि एका माणसाला सहज उचलून बाहेर झटकता येते ना, हे आधी पाहावे.

दुकानात जाण्यापूर्वी गाडीची नीट नोंद कागदावर करावी. मॉडेलचे नाव पुरेसे नसते. उत्पादनाचे वर्ष, व्हेरिएंट, गिअरबॉक्स मॅन्युअल की ऑटोमॅटिक, आणि मधल्या रांगेत सलग बाक की दोन स्वतंत्र कॅप्टन सीट, हे सारे लागते. एकाच नावाच्या गाडीची नवी पिढी आली की तळाचा आकार बदलतो. मॅन्युअलमध्ये क्लचच्या पेडलला जागा सोडावी लागते, तर डावा पाय टेकवण्याच्या डेड पेडलचा आकारही व्हेरिएंटनुसार वेगळा असू शकतो. कॅप्टन सीटच्या गाडीत दोन आसनांमधून तिसऱ्या रांगेकडे जाणारी वाट असते आणि सर्वांत जास्त चिखल याच वाटेवर पडतो, म्हणून ती झाकणारा तुकडा संचात आहे की नाही हे विचारून घ्यावे. अमेरिकेतून नातेवाइकांकरवी संच मागवण्याचा विचार असेल तर तिथे चालक डावीकडे बसतो हे विसरू नये. तिथल्या संचातली चालकाची मॅट आपल्या चालकाच्या बाजूला बसतच नाही.

त्यानंतर आहे तो तळ कोरडा आहे याची खात्री करावी, कारण ओल्या गालिच्यावर नवी मॅट टाकणे म्हणजे ओल झाकून ठेवणे. सगळ्या जुन्या मॅट काढाव्यात, गालिच्यावर हाताचा पंजा दाबून पाहावा आणि शंका आली तर रद्दीतले वर्तमानपत्र पसरून रात्रभर गाडी बंद ठेवावी. सकाळी पुढच्या डाव्या बाजूचा कागद ओला निघाला तर बहुधा एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते आणि बाहेर ठिबकायला हवे ते पाणी आत उतरत असते. सनरूफ असलेल्या गाडीत चौकटीतले पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पालापाचोळ्याने बंद होतात आणि ते पाणी खांबांच्या आतून तळापर्यंत येते. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी या नळ्या पावसाआधी साफ करून घ्याव्यातच. दाराचे रबर फाटलेले किंवा चपटे झालेले असेल तर तेही याच वेळी बदलावे. गालिच्याखाली फोमचा जाड थर असतो. तो एकदा भिजला की पावसाळी हवेत आठवडे वाळत नाही, आणि वायरिंगच्या जोडांना व तळाच्या पत्र्याला त्याचाच त्रास होतो.

आता चालकाच्या मॅटकडे यावे. या संचातली एवढी एकच वस्तू जीवावर बेतू शकते. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्सस सेडानमध्ये एका कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. गाडी डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली होती आणि तिच्यात बसवलेली ऑल-वेदर, म्हणजे पाऊस-चिखलासाठीची जाड मॅट त्याच कंपनीच्या एका एसयूव्हीची होती. ती सेडानच्या तळाला मापाची नव्हती, हुकांत अडकवलेलीही नव्हती, आणि दाबलेले ॲक्सिलरेटर पेडल तिच्या काठाखाली अडकून राहिले. त्यानंतर टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. ऑल-वेदर मॅट जाड आणि ताठ असते. पातळ गालिचा पेडलखाली दुमडतो, ही मात्र पेडलला धरून ठेवते. म्हणूनच ‘थोडी मोठी आहे, पण चालून जाईल’ हे वाक्य चालकाच्या बाजूला कधीही मान्य करू नये.

बहुतेक गाड्यांत चालकाच्या पायाशी तळावर दोन हुक किंवा गोल खुंट्या असतात. नव्या मॅटची भोके त्यांवर नेमकी यायला हवीत आणि खुंटीवरचे झाकण फिरवले किंवा दाबले की ती पक्की बसायला हवी. नुसती वेल्क्रोची पट्टी किंवा खालचे रबरी काटे हा त्याला पर्याय नव्हे. मॅट बसल्यावर इंजिन बंद ठेवून ती दोन्ही हातांनी जोर लावून पुढे ढकलून पाहावी. मग ॲक्सिलरेटर पार खालपर्यंत दाबून सोडावा, डाव्या-उजव्या काठांशी आणि वरच्या टोकाशी कुठे घासतो का ते वाकून पाहावे, आणि ब्रेक व क्लचबाबतही हेच करावे. ही तपासणी ज्या बुटांनी गाडी चालवायची ते बूट घालूनच करावी, कारण पावसाळी बुटांचा पुढचा भाग रुंद असतो. जुन्या मॅटवर नवी मॅट टाकू नये. पावसात पायाखाली वर्तमानपत्र पसरण्याची आपल्याकडची सवय मागच्या आसनांपुरती ठीक आहे. चालकाच्या पायाशी सुटा कागद नको. आणि कधी पेडल अडकलेच तर खाली वाकून मॅट ओढण्याच्या भानगडीत न पडता ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरावा, गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा, गाडी कडेला थांबवावी आणि मगच इंजिन बंद करावे. घरात जे जे गाडी चालवतात त्यांना हे सांगून ठेवावे.

सामग्रीचा निर्णय यापेक्षा सोपा आहे. अस्सल रबर जड असते, जागचे हलत नाही आणि चिखल सोसते, पण उन्हाने कालांतराने त्याला भेगा पडतात. पीव्हीसी स्वस्त पडते. मात्र विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडी तापली की हलक्या प्रतीच्या पीव्हीसीचा वास डोक्यात जातो आणि त्याचे काठ मऊ पडून वाकतात. टीपीई नावाचे रबरासारखे लवचीक प्लॅस्टिक साच्यात नेमके घडवता येते, वजनाला हलके असते, वासही फारसा येत नाही. घाटात आणि शहरात सारख्याच चालणाऱ्या मोठ्या गाडीसाठी मी याच्याच बाजूने कौल देईन. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या खळग्यांची ईव्हीए, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लॅस्टिकची मॅट पाणी शोषत नाही आणि सहज धुता येते, पण ती सपाट शीटमधून कापलेली असल्यामुळे तिचे काठ ठेंगणे असतात आणि टाच टेकते तिथे ती लवकर झिजते. प्लॅस्टिकच्या वेटोळ्यांची नूडल मॅट कोरड्या धुळीसाठी चांगली; कोकणातली तांबडी माती तिच्या वेटोळ्यांत एकदा शिरली की पाण्याचा जोरदार फवाराच लागतो. दुकानात नमुना हातात घेऊन नाकाशी धरावा, कोपरा दुमडून सोडावा आणि तो पूर्ववत होतो का ते पाहावे. यासाठी संकोच करू नये.

काठ किती उंच हवा याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. ५० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद मॅटवर एक सेंटिमीटर पाणी साचले तर ते दोन लिटर होते. ओले बूट, गळती छत्री आणि रेनकोट यांतून लांबच्या प्रवासात बरेच पाणी जमते. पण स्थिर गाडीत मावणारे पाणी चालत्या गाडीत मावेलच असे नाही. ब्रेक लागला की ते पुढच्या काठावर धडकते, आणि घाटाच्या उतारावर तर तिथेच थांबून राहते. त्यामुळे काठाच्या उंचीइतकेच आतल्या खोलगट पन्हळींना महत्त्व आहे. पन्हळी पाणी तुकड्यातुकड्यांत अडवतात आणि टाच पाण्याच्या वर राहते. मराठवाड्यातल्या काळ्या चिकट मातीत वावरणाऱ्यांनी मात्र फार अरुंद पन्हळी टाळाव्यात, कारण ती माती वाळली की त्यांतून काडीने कोरून काढावी लागते. उंबऱ्याकडच्या बाजूला, म्हणजे पाय गाडीत येतो तिथे, काठ उंच असावा पण टोकदार नसावा. उंच गाडीत चढताना वयस्कर माणसांचा पाय तिथेच अडखळतो.

आपल्याकडे नवी गाडी घेतली की ७डी मॅट घालण्याची पद्धत पडली आहे. रेक्झिनचे आवरण, आत फोम आणि शिवणीची नक्षी असलेली ही मॅट दिसायला देखणी आणि पायाला मऊ असते, परंतु पावसाळी वापरासाठी मी ती सुचवणार नाही. शिवणीच्या भोकांतून पाणी फोममध्ये उतरते, आणि ती आसनांच्या रुळांखाली व कडांना दाबून बसवलेली असल्यामुळे दर आठवड्याला कोणी उचलत नाही. फ्लोअर लॅमिनेशनचेही तसेच आहे. त्यासाठी आसनांचे बोल्ट उघडतात, आसनाखालचे एअरबॅगचे जोड सोडवतात, संपूर्ण तळावर जाड शीट अंथरतात. वरून सांडलेले पाणी अडते हे खरे, पण एसीच्या नळीतून किंवा दाराच्या रबरातून खाली शिरलेली ओल शीटखाली कोंडली जाते आणि कुबट वास येईपर्यंत कळत नाही. ज्यांनी हे आधीच करून घेतले आहे त्यांनी एअरबॅगचा दिवा मीटरमध्ये पेटलेला नाही ना आणि आसने रुळांवर डुगडुगत नाहीत ना, हे सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्यावे.

मधल्या रांगेसाठी शक्यतो दोन्ही पायजागा आणि मधला उंचवटा झाकणारी सलग मॅट घ्यावी. सुटे तुकडे घेतले तर फटीतून पाणी उतरते. अनेक गाड्यांत पुढच्या आसनांखाली मागच्या प्रवाशांच्या पायांकडे हवा सोडणारे झरोके असतात, ते मॅटच्या काठाने बंद होऊ नयेत. काही हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी हवा ओढणारी जाळी आसनापाशी असते, तीही मोकळी राहिली पाहिजे. मॅट बसल्यावर मधले आसन पूर्ण पुढे-मागे सरकवून आणि दुमडून पाहावे. तिसऱ्या रांगेत बहुधा मुले बसतात आणि तिथली मॅट पुष्कळ संचांत नसतेच. वेगळी मिळत असेल तर जरूर घ्यावी.

डिकीचा ट्रे ही चैन समजू नये. मालवण, रत्नागिरी किंवा म्हापशाच्या बाजारातून बर्फात घातलेली मासळी घेऊन घाटावर येणाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको: बर्फ वितळून त्या पाण्याचा एक ओघळ जरी डिकीच्या गालिच्यात मुरला तरी पुढचे कित्येक आठवडे गाडीच्या काचा उघड्या ठेवून फिरावे लागते. ट्रेला चारही बाजूंनी उभा काठ हवा, तिसरी रांग उभी असताना आणि दुमडलेली असताना तो कसा बसतो हे दोन्ही प्रकारे पाहावे, आणि जॅक-पान्यांच्या कप्प्याचे झाकण उघडण्यासाठी तो एका हाताने उचलता यावा. पंक्चर बहुधा पावसातच होते. पूर आणि मॅट यांचा मात्र काही संबंध जोडू नये. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी भरले तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. अशा पाण्यात सापडलेली गाडी सुरू न करता ओढून न्यावी लागते, तिथे ट्रे-काठांचा उपयोग नाही.

पावसाळा सुरू झाल्यावर दर आठवड्याला सगळ्या मॅट बाहेर काढून साचलेले पाणी ओतून टाकावे, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि परत घालण्यापूर्वी खालचा गालिचा हाताने चाचपावा. डॅशबोर्ड चमकवण्याचे पॉलिश मॅटवर लावू नये, कारण त्याने पृष्ठभाग निसरडा होतो आणि टाच ब्रेककडे जाताना घसरते. धुलाई केंद्रातून किंवा सर्व्हिसिंगहून गाडी परत आली की मॅट घाईघाईने, हूक न लावता टाकलेल्या असतात असे गृहीतच धरावे आणि चालकाची मॅट स्वतः ओढून पाहिल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. मूळ गालिच्याच्या मॅट धुऊन, पूर्ण वाळवून, गुंडाळी न करता सपाट माळ्यावर ठेवाव्यात. ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवस चारही दारे आणि डिकी उघडून गाडीचा तळ कोरडा होऊ द्यावा, आसनांच्या रुळांचे बोल्ट आणि उंबऱ्याजवळचा पत्रा यांवर गंजाचे डाग दिसतात का ते पाहावे आणि दिसले तर पुढच्या पावसाची वाट न पाहता तेवढा भाग घासून गंजरोधक लेप लावून घ्यावा.