कार्बन की स्टेनलेस: रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाचं स्टील कसं निवडावं, कसं राखावं

स्वयंपाकघरातल्या डब्याला गंज येत नाही, मग स्टेनलेसच्या रिव्हॉल्व्हरला का यावा? कारण ही दोन वेगळी पोलादं आहेत. चांगला डबा ३०४ स्टीलचा: साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. पण ते तापवून-विझवून कडक होत नाही, म्हणून नळीच्या कामाचं नाही. स्टेनलेस हत्याराच्या नळीला बहुधा ४१६ प्रकारचं स्टेनलेस वापरतात. त्यात क्रोमियम १२ ते १४ टक्केच, शिवाय कापायला सोपं जावं म्हणून गंधक घातलेलं. कमी क्रोमियम आणि हे गंधक, दोन्हींमुळे ते डब्यापेक्षा लवकर गंजतं. 'कार्बन स्टील' म्हणतात ते सहसा ४१४०: कार्बन ०.४ टक्के, क्रोमियम जेमतेम १ टक्का. लोहचुंबक ४१६ आणि ४१४० दोन्हींना चिकटतो. त्यावरून पारख करू नका.

ताकदीसाठी डोकं खपवू नका, नीट पाणी दिलेली (तापवून-विझवून कडक केलेली) दोन्ही पोलादं दाब सोसतात. हत्यार कुठे राहणार ते बघा. किनाऱ्यालगत किंवा घामात अंगाशी राहणार असेल तर स्टेनलेस घ्या. कोरड्या गावी, कपाटात, नेमाने तेलाचा हात फिरणार असेल तर कार्बन उत्तम. त्याचं निळसर-काळं ब्लूइंग म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साइडचा अगदी पातळ थर. तेल धरून ठेवणं हे त्याचं खरं काम. नायट्राइड केलेलं (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक केलेलं) कार्बन स्टील मिळालं तर गंजाची धास्ती बरीच कमी होते.

स्टेनलेस पिस्तुलात वेगळीच अडचण येते. स्लाइड (गोळी सुटली की मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) आणि फ्रेम (मुठीसकट खालचा सांगाडा) दोन्ही स्टेनलेस असली की घासताना एकमेकींना चिकटून ओरबाडतात. सुरुवातीच्या स्टेनलेस पिस्तुलांना हा त्रास फार होता. आता कारखाने दोन भागांचा कडकपणा वेगळा ठेवतात, तरी रेल्सवर, म्हणजे स्लाइड जिच्यावर सरकते त्या पट्ट्यांवर, पातळ तेलापेक्षा चिमूटभर ग्रीस बरं. रिव्हॉल्व्हरला स्लाइडच नसते. स्मिथ अँड वेसनचं स्टेनलेस मॉडेल ६० म्हणूनच १९६५ मध्येच बाजारात येऊ शकलं.

साफ करताना आधी काडतुसं काढून दुसऱ्या खोलीत ठेवा, मग काडतुसाचं प्रत्येक घर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. कोकणात जून ते सप्टेंबर दर आठ दिवसांनी कोरड्या फडक्याने पुसून बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल नको, ते खवट होतं आणि थंडीत गोठतं. स्टेनलेस हत्यारातही स्प्रिंगा, पिना, कधी माशीसुद्धा (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) साध्या पोलादाची असते. तांबेरा तिथे आधी दिसतो. नळीला आतून तेल लावलं असेल तर गोळी झाडण्याआधी कोरडी चिंधी फिरवून ते काढा.

ब्लूइंगवर तांबेरा आला तर तेल लावून ०००० नंबरच्या (अगदी बारीक) स्टील वूलने, म्हणजे पोलादी तारांच्या काथ्याने, हलकं घासा. स्टेनलेसवर मात्र स्टील वूल कधीच नको: त्याचे लोखंडी कण पृष्ठभागात रुततात आणि तेच गंजतात. तिथे नायलॉनचा ब्रश वापरा.

चामडी म्यान फक्त बाळगताना. त्यात ठेवून दिलेलं हत्यार हमखास गंजतं, कारण चामडं ओल धरतं आणि कमावतानाचे क्षार त्यात उरलेले असतात. नळीत किंवा काडतुसाच्या घरात खड्डे दिसले तर परवानाधारक बंदूक-कारागिराने पाहिल्याशिवाय त्यातून गोळी झाडू नका.