व्हॅन घेऊन एकट्याने भिगवणला फ्लेमिंगोंचे फोटो काढायला जायचंय?

पुण्यापासून साधारण १०० किमी, सोलापूर हायवेने. जानेवारी ते मार्च बेस्ट, कारण उजनी धरणाचं पाणी उतरलेलं असतं आणि उथळ चिखलात फ्लेमिंगो निवांत चरत असतात. आदल्या संध्याकाळीच पोचा आणि भिगवणजवळच्या कुंभारगावात एखाद्या होमस्टेवाल्याला विचारून त्याच्याच अंगणात गाडी लावा, जेवण पण तिथेच सांगून टाकायचं म्हणजे गॅस-शेगडीची कटकट नाही. उगाच धरणाकाठी सुनसान जागी एकट्याने मुक्काम ठोकायचा हिरोपणा नको, आणि घरी लाईव्ह लोकेशन पाठवून ठेवा.

मारुतीची छोटी ईको व्हॅन असेल तरी चालतं, आत पातळ गादी पसरा. झोपताना दोन्ही बाजूच्या काचा बोटभर उघड्या ठेवून जाळी लावा, नाहीतर श्वासाच्या वाफेने सकाळपर्यंत काचा घामेजतात. कॅमेरा बॅगेतच बंद असू द्या.

बोट उजाडायच्या आत ठरवा. शटर स्पीड १/२००० सेकंदाच्या आसपास, आणि पक्षी फिकट, पाणी गडद असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं मायनस करा, नाहीतर पिसांचा नुसता पांढरा धब्बा येतो. नावाड्याला "जवळ घ्या, उडवा जरा" असं अजिबात म्हणायचं नाही, लोक सर्रास म्हणतात, डोकं फिरतं. इंजिन बंद करायला सांगा आणि थांबा, चरता चरता ते स्वतःच जवळ येतात कधीकधी. परतताना गाडी काठच्या रस्त्यावर थांबवून खिडकीत तांदळाची पिशवी ठेवा, तिच्यावर लेन्स टेकवली की झालं, माणूस खाली उतरला नाही तर बगळे, खंड्या फारसे बिचकत नाहीत.