व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला स्पीकर जुळवताना

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, बटण फिरवलं की आवाज लगेच यायचा नाही. आधी डायल उजळायचा, मग आत काहीतरी तापायचं, आणि मग कुठून तरी लांबून चालत आल्यासारखा निवेदक बोलू लागायचा. तेच व्हॉल्व्ह, हल्लीच्या बोलीत ट्यूब, आता लाखांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर उघडेच लुकलुकत बसलेले असतात. असा अ‍ॅम्प घेणारा माणूस अ‍ॅम्पवर सहा महिने डोकं घालतो आणि स्पीकर शनिवारी दुपारी तासाभरात ठरवून मोकळा होतो. व्हायला हवं नेमकं उलटं, कारण ट्यूब अ‍ॅम्प कुठल्याही स्पीकरशी जमवून घेत नाही.

मीही हेच केलं. ईएल८४ ट्यूबचा १२ वॉटचा अ‍ॅम्प घरात होता, त्याला उंच, सडपातळ, देखणे फ्लोअरस्टँडर, म्हणजे थेट जमिनीवर उभे राहणारे स्पीकर, घेतले. विक्रेता म्हणाला, "साहेब, नव्वद डेसिबल आहे, बिनधास्त न्या." घरी आणल्यावर डग्ग्याचा घुमारा पुढच्या मात्रेपर्यंत लोंबकळत राहायला लागला. आवाज थोडा वाढवला की गवई, हार्मोनियम, तबला सगळे एकाच खोलीत कोंडल्यासारखे. हे का झालं ते कळायला मला वर्ष लागलं. तुमचं वर्ष वाचावं म्हणून आता क्रमाने सांगतो.

पायरी १ : आपला अ‍ॅम्प किती वॉटचा, ते आधी पाहा

वॉट ट्यूबवर आणि मांडणीवर ठरतात. सिंगल-एंडेड, म्हणजे एकाच ट्यूबने सगळा भार उचलायच्या मांडणीत २ए३ ट्यूब साधारण साडेतीन वॉट देते, ३००बी साधारण ८. पुश-पुल, म्हणजे दोन ट्यूबनी भार वाटून घ्यायच्या मांडणीत ईएल८४ ची जोडी १२ ते १५ वॉट, ईएल३४ ची पस्तिसेक आणि केटी८८ ची ५० च्या आसपास किंवा वर. पहिल्या गटातला अ‍ॅम्प असेल तर स्पीकरची यादी फार छोटी होते. शेवटच्या गटात बऱ्यापैकी मोकळीक आहे.

पायरी २ : कागदावर गणित करा

स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दिलेली असते: १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. म्हणजे ८८ डेसिबलचा स्पीकर २ वॉटला ९१, ४ ला ९४ आणि ८ वॉटला ९७ देईल. तिथे ३००बी संपली. तुम्ही बसता तीन मीटरवर, म्हणजे त्यातले आणखी थोडे गळतात. आपण सरासरी ७५-८० डेसिबलने ऐकतो हे खरं, पण तबल्याची थाप त्या सरासरीच्या १५-२० डेसिबल वर उडी मारते. हिशेब काठावर येतो. हीच ३००बी ९६ डेसिबलच्या स्पीकरला लावली तर १ मीटरवर १०५ पर्यंत जाते. ८८ वाल्या स्पीकरकडून तेवढाच आवाज काढायला ५० वॉट लागतील.

आता माझ्या 'नव्वद'ची गंमत. बऱ्याच कंपन्या सेन्सिटिव्हिटी १ वॉटला न मोजता २.८३ व्होल्टला मोजतात. स्पीकर विजेला जो अडथळा करतो तो ओहममध्ये मोजतात; ८ ओहमच्या स्पीकरला हे व्होल्टेज म्हणजे बरोबर १ वॉट. ४ ओहमच्या स्पीकरला तेच २ वॉट होतात. माझे स्पीकर ४ ओहमचे होते, म्हणजे खरा आकडा ८७. विक्रेता खोटं बोलला नव्हता, मीच बारीक अक्षरं वाचली नव्हती.

पायरी ३ : इम्पीडन्सचा आलेख शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच लोक गाळतात. इम्पीडन्स म्हणजे तोच ओहममधला अडथळा. स्पीकरवर '८ ओहम' लिहिलेलं असतं, पण तो नुसता नाममात्र आकडा. प्रत्यक्षात स्वर खर्जातून वर जाताना इम्पीडन्स घाटातल्या रस्त्यासारखा वरखाली होत राहतो, कुठे ३० ओहम, कुठे ५, कुठे ३ च्याही खाली.

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला याचं फारसं काही वाटत नाही, कारण त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स जवळपास शून्य असतो. सिंगल-एंडेड ट्यूब अ‍ॅम्पचा तो २-३ ओहम असू शकतो. समजा अडीच आहे. जिथे स्पीकर ५ ओहमवर उतरतो तिथे अ‍ॅम्पच्या व्होल्टेजचा तिसरा हिस्सा अ‍ॅम्पमध्येच अडकतो. जिथे तो ३० वर चढतो तिथे जवळजवळ सगळं स्पीकरला मिळतं. फरक होतो जवळपास ३ डेसिबलचा. म्हणजे स्पीकर बनवणाऱ्याने खपून सपाट केलेला आवाज तुमच्या घरी आल्यावर त्या आलेखाच्या आकाराचा होतो. शिवाय वूफरला, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याला, वेळेवर थांबवण्याची अ‍ॅम्पची पकड, म्हणजे डॅम्पिंग, इथे ढिली असते. लोंबकळणारा डग्गा तो हाच.

म्हणून आलेखात दोन गोष्टी बघा: सगळ्यात खालचा बिंदू ६ ओहमच्या आसपास किंवा वर आहे का, आणि रेषा शक्य तितकी सपाट आहे का. कंपन्या हा आलेख सहसा छापत नाहीत. स्टीरिओफाइल मासिकाच्या परीक्षणांत मात्र मोजमापांबरोबर तो असतो.

हा आलेख सेन्सिटिव्हिटीवरही कशी मात करतो त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे बीबीसीने सत्तरच्या दशकात स्वतःच्या कामासाठी घडवलेला छोटा एलएस३/५ए. सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८२-८३ डेसिबल, गणिताने नापास. पण सुरुवातीच्या आवृत्तीचा इम्पीडन्स १५ ओहम, त्यामुळे लहान खोलीत, बेताच्या आवाजात, पुश-पुल ट्यूब अ‍ॅम्पवर तो आजही लोकांना वेड लावतो. ३००बी वर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ४ : यादी करा

कमी वॉटसाठी हॉर्न, म्हणजे कर्ण्यातून आवाज काढणारा स्पीकर, हा जुना आणि खात्रीचा मार्ग. पॉल क्लिप्श यांचा क्लिप्शहॉर्न १९४६ पासूनचा, कंपनी त्याची सेन्सिटिव्हिटी १०५ डेसिबल सांगते. अट एकच: त्याला खोलीचे दोन कोपरे लागतात. आपल्या फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यात दार आणि दुसऱ्यात देव्हारा असतो, तेव्हा हा विषय घरच्यांशी बोलूनच काढावा. जर्मनीच्या अव्हांतगार्डेच्या ऊनो आणि डुओमध्ये खर्जासाठी स्पीकरच्या पोटातच वेगळा अ‍ॅम्प असतो, तुमच्या ट्यूबवर फक्त वरच्या हॉर्नचा भार पडतो. कल्पना फार हुशार आहे, किंमतही तशीच.

हॉर्न नको असतील तर न्यूयॉर्कच्या डीव्होर फिडेलिटीचा ओ/९६ बघा. ९६ डेसिबल आणि १० ओहम, तो ट्यूबवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच केलेला वाटतो. वूफरच्या मधोमध ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा पडदा, बसवलेले टॅनॉयचे मोठे स्पीकरही याच पंगतीतले. ४ ओहमचे, ८५-८६ डेसिबलचे, तीन-चार वूफरवाले मनोरे कितीही मोहात पाडोत, केटी८८ च्या खाली यादीत घेऊ नका.

पायरी ५ : स्वतःचा अ‍ॅम्प घेऊन ऐकायला जा

अ‍ॅम्प जड असतो, मान्य. तरी गाडीत घाला. दुकानातल्या २०० वॉटच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर ऐकलेला स्पीकर तुमच्या ट्यूबवर काय करेल हे त्यातून अजिबात कळत नाही. मी नुसत्या तानपुऱ्याने सुरुवात करतो. जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झणत्कार, नीट उलगडली पाहिजे, चारही तारा वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत, आणि खर्जाची तार बाकीच्यांवर चढून बसता कामा नये. मग विलंबित तबला, फक्त डग्ग्याकडे कान देऊन. मग तेच सगळं रात्री ऐकतो तेवढ्या हळू आवाजात. खरी परीक्षा बहुतेक वेळा तिथेच होते.

अ‍ॅम्पच्या मागे ४, ८, कधी १६ ओहमचे वेगवेगळे टॅप, म्हणजे स्पीकरची तार जोडायच्या जागा, असतात. स्पीकरच्या लेबलावर ८ असलं तरी ४ चा टॅपही लावून पाहा. थोडे वॉट जातात, पण पकड बऱ्याचदा घट्ट होते. तार बदलण्याआधी अ‍ॅम्प दर वेळी बंद करायचा. स्पीकर जोडलेला नसताना ट्यूब अ‍ॅम्प वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि खालचं झाकण उघडायचं नाही. आत काहीशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतात.

ते उंच स्पीकर मी विकले नाहीत. भाच्याकडे आहेत, शंभर वॉटच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर. परवा त्याच्याकडे जेवायला गेलो तेव्हा तीच तबल्याची रेकॉर्ड लावली होती. डग्गा जिथल्या तिथे थांबत होता.