पिल्लं तूस खातात? चार दिवस कागद अंथरा

कोंबडीची एक दिवसाची पिल्लं आणली की सुरुवातीला त्यांना खाद्य कुठलं आणि अंथरूण कुठलं हे कळत नाही. तूस, भुसा, सुतळीचे धागे, दिसेल ते टिपतात आणि गळ्याची पिशवी गच्च होते. आमच्या पाटणकडे भाताचं तूस सहज मिळतं, तेच पसरतात. पसरा, पण

१. तुसावर वर्तमानपत्राचे तीन-चार थर घाला.
२. आधी पाणी पाजा, मग मक्याचा बारीक भरडा कागदावरच भुरभुरा.
३. वरचा ओला कागद रोज काढा. पिल्लं भांड्यातलं खायला लागली की कागद बंद.

चकचकीत कागद मात्र अजिबात नको. त्यावर पाय घसरून फाकतात, आणि असं पिल्लू पुन्हा नीट उभं राहणं फार अवघड.